टेप मारलेली वायर, फिल्टरवाल्याचं ड्रिल आणि नळाला येणाऱ्या झिणझिण्या

जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यातून एका ताईंचं पत्र आलंय. पत्र लांब आहे, म्हणून कामापुरतं देतो.

"दादा, आमचं किचन जुनं आहे, मागच्या वर्षी ओटा नवा केला, वर ग्रॅनाइट टाकलं पण लाइट फिटिंग जुनीच ठेवली. फ्रिजची जागा बदलली तर वायरमनने ओट्याखालच्या कडप्प्याला होल पाडून एक्स्टेन्शन बोर्ड ओढून दिला, सिलिंडरच्या खान्यातच आहे तो, त्यावर फ्रिज आणि पाण्याचा फिल्टर चालतो, कधी मिक्सर पण. पावसाळ्यात उंदराने ती वायर कुरतडली. वायरमनने टेप मारली आणि म्हणे, 'टेप लाई दिधी, आते काही नही व्हत.' नंतर फिल्टरवाला बोर्डाच्या वरतीच भिंतीत ड्रिल मारून फिल्टर टांगून गेला. आता कधीकधी ओल्या हाताने नळ धरला की झिणझिण्या येतात. मिस्टर म्हणतात एमसीबी आहे ना, काही असतं तर पडली असती. सासूबाई म्हणतात दिवाळी होऊ दे मग बघू. भिंत फोडून नवीन पाइप टाकायचे की वरून पट्टी मारली तरी चालेल?"

ताई, पट्टी की पाइप ते नंतर बघू. झिणझिण्यांचं तुम्ही पत्रात असं जाता जाता लिहिलंय आणि मला सगळ्यात आधी तेच दिसलं. नळाला करंट जाणवतो म्हणजे कुठेतरी फेज, म्हणजे करंट आणणारी जिवंत तार, भिंतीच्या ओलीत, पाण्यात नाहीतर कशाच्या तरी बॉडीत उतरतोय, आणि हे काम दिवाळीपर्यंत ठेवायचं नाही, सासूबाईंना माझं नाव सांगा. हे वाचून झालं की किचनची एमसीबी, म्हणजे मेन बोर्डावरचा किचनच्या लाइनचा खटका, खाली करा. फ्रिजची स्वतःची वायर धड असेल तर तो दोन दिवस पुढच्या खोलीत नेऊन लावा, नसेल तर दूध-भाजी शेजारी ठेवा, पण लाइन चालू ठेवू नका. घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा, कारण मेन पाडलं तरी इन्व्हर्टरच्या लाइनवर करंट राहतोच आणि भले भले वायरमन तिथेच फसतात. आणि गेला का करंट, म्हणून हात लावून बघू नका हो. टेस्टर पेटला नाही म्हणजे करंट नाही असंही नसतं, वायरमनला मीटर लावून बघू द्या. किचनची एमसीबी खाली असूनही नळात काही सापडलं तर ते मोटरचं नाहीतर गीझरचं असू शकतं, मग सरळ मेन बंद आणि त्याच दिवशी माणूस बोलवायचा.

मिस्टरांचं म्हणणं तसं बऱ्याच घरांत ऐकू येतं, त्यांना एवढंच सांगा. एमसीबी वायरीला वाचवते, माणसाला नाही. १६ अँपिअरची एमसीबी पडायला १६ अँपिअरच्या वर करंट जावा लागतो, म्हणजे १६,००० मिलीअँपिअर. माणसाला झिणझिण्या एखाद-दोन मिलीअँपिअरलाच जाणवतात आणि ३० च्या पुढचा करंट छातीतून गेला तर जिवावर बेतू शकतं. म्हणजे तुम्हाला नळावर जे जाणवतंय ते एमसीबीच्या गावीही नाही. त्यासाठी आरसीसीबी लागते, जुने लोक ईएलसीबी म्हणतात, घरासाठी ३० मिलीअँपिअरची घ्यायची. ती जाणारा आणि परत येणारा करंट सारखा आहे का ते बघत असते आणि फरक पडला की सेकंदाच्या आत लाइन तोडते. तिच्यावर टेस्टचं बटण असतं, महिन्यातून एकदा दाबून बघायचं, पडली पाहिजे. पण तीही सगळं वाचवत नाही, एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी तार, धरलं तर तिला त्यात लीकेज दिसतच नाही. म्हणून वायरीला मार लागूच नये हे बघायचं, आरसीसीबी त्याच्या मागे.

आता टेप. फ्रिज-मिक्सरची वायर बाहेरून एक दिसते, आत तीन कोर असतात आणि प्रत्येक कोरमध्ये केसासारख्या बारीक तारांचा जुडगा. उंदराने कुरतडलं, कडप्प्याच्या कडेला घासलं, फ्रिजचा पाय वर आला, काहीही झालं तरी आधी वरचं आवरण जातं आणि मग आतल्या काही तारा तुटतात. उरलेल्या तारांतून तेवढाच करंट जातो आणि त्याच जागी वायर गरम व्हायला लागते. टेपने ती जागा झाकली जाते पण तुटलेल्या तारा काही जुळत नाहीत. शिवाय किचनमध्ये तेलाची वाफ असते आणि एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो, त्यात टेपचा गोंद पातळ होऊन टेप सरकते. कधी हात लावून बघा, जुनी टेप चिकट काळी होऊन सुटलेली असते. तेव्हा टेप मारलेली ती एक्स्टेन्शनची वायर फेकायची. मधे कापून जोड देऊन वापरायची पण नाही. उपकरणाची स्वतःची वायर खराब झाली असेल तर सर्व्हिस सेंटरवरून आख्खी बदलून घ्यायची.

आणि तो बोर्ड सिलिंडरच्या खान्यात! ताई, टेपपेक्षा मला त्याची जास्त भीती वाटते. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळाला तर खालीच साचतो, आणि चालू बोर्डातून पिन काढताना ठिणगी उडतेच. सिलिंडरच्या खान्यात बोर्ड नको, सॉकेट नको, जोड तर नकोच. गॅसची नळी आणि लाइटची वायर एकाच होलातून काढायची नाही आणि एकाच क्लिपमध्ये बांधायची पण नाही, काही काही ठिकाणी दोन्ही झिप टायने एकत्र आवळलेल्या असतात, दिसायला नीटनेटकं दिसतं म्हणून. गॅसच्या नळीवरची तारीख पण बघून घ्या, ती पाच वर्षांनी बदलायची असते.

कडप्प्याचं होल म्हणाल तर गवंडी ते ग्राइंडरने नाहीतर छिन्नीने पाडतो आणि कड तशीच सोडून देतो. बोट फिरवून बघा, चरा पडेल. वायर त्या कडेवर टेकलेली असते आणि फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू-बंद होताना जी बारीक थरथर होते, सिलिंडर आत-बाहेर करताना जो धक्का लागतो, त्याने रोज थोडं थोडं घासत राहतं. होलात रबरी बुश बसवायचं, ग्रोमेट म्हणतात त्याला, इलेक्ट्रिकच्या दुकानात चार-दोन रुपयांना मिळतं, नाहीतर पीव्हीसी पाइपचा छोटा तुकडा दोन्हीकडून बोटभर बाहेर राहील असा घालायचा. प्लायच्या कपाटाला, ट्रॉलीच्या पत्र्याला होल पाडलं तरी हेच. स्टीलच्या ट्रॉल्यांच्या मागच्या कडा तर सुरीसारख्या असतात, मागे लोंबणारी वायर ट्रॉली ढकलताना नेमकी कडेखाली येते, म्हणून वायर मागच्या भिंतीला वरच्या अंगाने क्लिपा मारून न्यायची, फरशीवर सोडायची नाही. सिंकखालच्या खान्यातून न्यायची वेळ आली तर पाण्याच्या पाइपाच्या वरून न्या.

उंदरांचं आपल्याकडे काय सांगायचं, घरात धान्याची कोठी, मागे कपाशी नाहीतर केळी, ते येणारच. उंदराला वायर खायची नसते, त्याचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात म्हणून त्याला काहीतरी कुरतडावंच लागतं, आणि फ्रिजच्या मागे ऊब असते, अंधार असतो, म्हणून तो तिथेच बसतो. आधी वाट बंद करा. मोरीची जाळी, पाइप भिंतीतून जातात तिथल्या फटी, ओट्याच्या मागचा कोपरा, तिथे बारीक लोखंडी जाळी कोंबून वरून सिमेंट मारा, नुसतं सिमेंट ओलं असताना तो उकरून टाकतो. लाइटच्या पाइपाची उघडी तोंडं पण बंद करून घ्या. भांडी घासायची तारेची घासणी बिळात कोंबायचा उपाय ऐकला असेल तर तो बोर्डाच्या, वायरीच्या आसपास मुळीच करू नका, ती लोखंडाची आहे, करंट घेऊन बसेल. जिथे वायर उघडी राहणारच आहे तिथे ती लवचिक लोखंडी पाइपातून न्या, वरून पीव्हीसीचं आवरण असलेला मिळतो. त्या पाइपाला अर्थिंग जोडलेलं पाहिजे, लोखंडी कुठलाही पाइप वापरला तरी हे आलंच.

आता फिल्टरवाल्याचं ड्रिल, कारण माझा संशय तिथेच जास्त आहे. भिंतीतले पाइप सहसा बोर्डापासून सरळ वर जातात नाहीतर सरळ आडवे, आणि जुन्या घरांत झिरी इतकी उथळ असते की प्लास्टरखाली अर्ध्या इंचावर पाइप लागतो. फिल्टर टांगायचा स्क्रू दीड-दोन इंचाचा. बोर्डाच्या बरोब्बर वर मारला तर तो वायरीत जायचा चान्स खूप मोठा. गंमत म्हणजे तेव्हा काही होत नाही. स्क्रू नुसत्या फेजला टेकला तर ना ठिणगी ना एमसीबी पडत, स्क्रू मात्र जिवंत होऊन बसतो, भिंत कोरडी असेपर्यंत सगळं ठीक, पावसाळ्यात भिंत ओल धरते आणि मग करंट नळापर्यंत चालत येतो. तुमचं असंच झालंय असं पत्रावरून छातीठोकपणे सांगता येणार नाही, कुरतडलेली वायर ओल्या फरशीला टेकली असेल तरी हे होऊ शकतं. म्हणून मेगर, म्हणजे वायरीचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र, मारून घ्यायचा. वायरमनला म्हणा किचनच्या लाइनचा ५०० व्होल्टवर इन्सुलेशन टेस्ट कर, त्याआधी सगळ्या पिना काढायच्या, बल्ब काढायचे, एमसीबी खाली. रीडिंग एक मेगाओमच्या खाली आलं तर त्या लाइनवर भरवसा ठेवायचा नाही, वायर ओढून नवीन टाकायची. ज्याच्याकडे मेगर नाही आणि तो म्हणतो 'टेस्टर लावला ना', त्याला चहा पाजा आणि दुसरा परवानाधारक वायरमन बोलवा. फिल्टर सध्या काढून ठेवा, पण तो स्क्रू मेन आणि इन्व्हर्टर बंद केल्याशिवाय कोणी हातात घ्यायचा नाही.

इथून पुढे कोणीही भिंतीत ड्रिल मारायला आला, मग तो चिमणीवाला असो की कपाटवाला, त्याला बोर्डाच्या आणि सॉकेटच्या सरळ वर, सरळ खाली आणि सरळ आडव्या पट्ट्यात, दोन्ही बाजूंनी वीतभर तरी, होल पाडू द्यायचं नाही. तो म्हणतो 'काही नाही होत ताई, रोज मारतो', म्हणू द्या. वायर शोधायचं छोटं यंत्र मिळतं, पण जाड भिंतीत ते चुकू शकतं, त्याच्या एकट्यावर जाऊ नका. आणि नवीन पाइप टाकलेत तर प्लास्टर व्हायच्या आधी भिंतीला मोजायची टेप लावून मोबाइलवर फोटो काढून ठेवा, फरशीपासून किती, कोपऱ्यापासून किती हे फोटोत वाचता आलं पाहिजे.

भिंत फोडायची की पट्टी, हा तुमचा मूळ प्रश्न. फ्रिज, घरघंटी, ट्रॉली, सिलिंडर ह्यांचा धक्का साधारण कमरेपर्यंतच लागतो. म्हणून कमरेच्या वर केसिंग-कॅपिंग पट्टी चालेल, मारून घ्या, भिंत फोडायचा खर्च आणि धुरळा वाचवा. फक्त शेगडीच्या वर आणि चिमणीच्या गरम डक्टला लागून नको, पीव्हीसी वायरीचं आवरण ७० डिग्रीपर्यंतच्या कामासाठी असतं, त्याच्यावर तापत राहिलं की ते कडक होऊन तडकतं. कमरेच्या खाली मात्र पट्टी नको, एक धक्का बसला की तिचं झाकण सुटतं, आत झुरळं शिरतात, वायर बाहेर लोंबते. तिथे पीव्हीसीचा गोल पाइप सॅडल मारून घ्या. पाइपावर एलएमएस, एमएमएस, एचएमएस असं छापलेलं असतं, हलका, मध्यम आणि जाड, खालच्या अंगाला एमएमएसच्या खालचा घेऊ नका, घरघंटीच्या मागे जाडच घ्या. पाइपांचं तर जळगाव माहेरघर आहे, निदान त्यात तरी कंजुसी नको. भिंत पुढे कधी रंगवायला, प्लास्टरला काढलीच तर तेव्हा आतून घ्या, आज मुद्दाम फोडायची गरज नाही. वायर मात्र नवीन, १६ अँपिअरच्या पॉइंटला २.५ स्क्वेअर एमएम तांब्याची, आणि तिच्यावर एमसीबी १६ चीच. एमसीबी सारखी पडते म्हणून कोणी ३२ ची टाकून द्यायला निघाला तर त्याला हात धरून थांबवा, मग वायर जळेल पण एमसीबी पडणार नाही.

फ्रिजसाठी एक्स्टेन्शन कायमचं बंद. त्याला त्याचा पॉइंट द्या, आणि तो फ्रिजच्या पाठीमागे नको, बाजूला द्या, म्हणजे पिन भिंत आणि फ्रिजच्या मधे चेपणार नाही आणि गरज पडली तर फ्रिज न सरकवता बंद करता येईल. उरलेल्या वायरीची सैलसर गुंडाळी करून बाजूला हुकला अडकवा, स्टँडच्या चाकाखाली येता कामा नये. झाडताना-पुसताना फ्रिज सरकवला की एकदा खाली वाकून बघायचं, एवढंच.

ओट्यावरच्या वस्तूंचं थोडक्यात. मिक्सरची वायर शेगडीवरून पलीकडे ओढायची नाही. भाकरीचा तवा उतरवून ठेवतो ना आपण बाजूला, तो वायरीला टेकला तर वास यायच्या आत आवरण वितळलेलं असतं. पिन ओढताना वायर धरून ओढायची नाही. पिन कधी उघडली तर आतली हिरवी अर्थिंगची तार बाकी दोन्हींपेक्षा जरा लांब ठेवलेली पाहिजे, हिसका बसला तर ती सगळ्यात शेवटी सुटावी म्हणून, आणि वायर पकडणारी क्लिप घट्ट आवळलेली पाहिजे. हे मुलीलाही शिकवा, मुलालाही.

आणि उन्हाळ्यात बिबडे, कुरडया, पापड सुरू झाले की घरघंटी नाहीतर मिक्सर अंगणाकडे निघतो, वायर दाराच्या फटीतून जाते, कोणीतरी दार लोटतं आणि ती चौकटीत चेंगरते, वरून चटई अंथरलेली म्हणजे कोणाला दिसतही नाही. सासूबाईंना एक विनंती करा, त्या दिवसांपुरतं दार अडसर लावून उघडं ठेवायचं, वायर चटईखालून न्यायची नाही, आणि गुंडाळीचं एक्स्टेन्शन असेल तर ते पूर्ण उलगडूनच लावायचं, गुंडाळलेल्या वायरीवर घरघंटीसारखा लोड टाकला की ती आतल्या आत तापते. हे शक्य नसेल तर अंगणाच्या बाजूला एक झाकणाचा पॉइंट घ्या, आरसीसीबीच्या खालून.

अर्थिंगचंही बघून घ्यायला सांगा. आपली काळी माती उन्हाळ्यात वाळून भेगाळते आणि खड्डा कोरडा पडला की अर्थिंग नावापुरतं उरतं, त्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतावं लागतं. आरसीसीबी बसवल्यावर पहिल्याच दिवशी सारखी पडायला लागली तर वायरमन म्हणेल 'आरसीसीबीच खराब आहे, काढून टाकू'. काढू देऊ नका, बऱ्याचदा ती कुठेतरी होणारं लीकेजच दाखवत असते, नाहीतर इन्व्हर्टरचं न्यूट्रल मेनच्या न्यूट्रलमध्ये मिसळलेलं असतं. एकेक पिन काढत शोधायचं.

खर्चाचं विचारलं नाहीत तुम्ही, पण पैसे एकदम नसतील तर आधी सिलिंडरच्या खान्यातला बोर्ड काढणं, मेगर आणि आरसीसीबी, ही तीन कामं ह्याच आठवड्यात करा, पट्टी-पाइप दिवाळीनंतर चालेल, तोपर्यंत फ्रिज पुढच्या खोलीत राहिला तर राहू दे. मेगरचं रीडिंग किती आलं आणि स्क्रू काढल्यावर काय सापडलं ते मला लिहून कळवा, बोर्ड आणि भिंतीचा फोटो असेल तर तोही पाठवा.